अहवाल वाचला, उंबरा मोजला: आमच्या नगरसेविका ताईंना खुलं पत्र

२९ मे २०२६

प्रति,
माननीय नगरसेविका,
कोपरखैरणे, नवी मुंबई.

विषय: आपला 'शंभर दिवसांचा विकास आढावा' आणि माझ्या घराचा उंबरा.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचा आठ पानी आढावा परवा सकाळी दाराच्या कडीत खोचलेला मिळाला. कागद जाड, गुळगुळीत. रद्दीत द्यायला जीव होत नाही असा. मी अठ्ठावीस वर्षं या वसाहतीत लेडीज टेलरिंग करते. हातात काही आलं की आधी टेप लावायची, ही धंद्याची खोड. मुखपृष्ठावरचा तुमचा फोटो साडेसहा इंच उंच भरला. वर गोलात बसवलेले नेते अकरा, प्रत्येकी पाऊण इंच. आत सेल्फी पॉइंटला पाऊण पान, ओपन जिमला अर्धं, हायमास्टच्या उद्घाटनाला अर्धं. गटारांना एक ओळ: 'पावसाळापूर्व नालेसफाई १०० टक्के पूर्ण.' उंची पाव इंच.

हे पत्र त्या पाव इंचाबद्दल आहे.

तुम्ही मला ओळखता. तुमच्या सासूबाईंचे ब्लाऊज अजून माझ्याकडेच येतात. ओळख पटावी म्हणून सांगितलं, त्यात दुसरा अर्थ शोधू नका. रोज गल्लीत तोंड दिसत असताना जाहीर पत्र कशाला, असं तुमच्या कार्यकर्त्यांना वाटेल, म्हणून तेही सांगते. एप्रिलपासून तुमच्या जनसंपर्क कार्यालयात तीनदा येऊन गेले. दोनदा तुम्ही मुख्यालयात बैठकीला होतात, एकदा कुणाच्या तरी हळदीला. तिन्ही वेळा नाव, मोबाइल नंबर आणि तक्रार वहीत लिहून घेतली. चौथ्यांदा गेले आणि ती वही दाखव म्हटलं, तर टेबलावरचा मुलगा म्हणाला, "काकू, ती भरली. नवीन लावलीय." भरलेली कुठं आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या गल्लीतल्या चाळीस घरांची तक्रार त्याच वहीत होती. म्हणून आता ती सगळ्यांसमोर.

आधी घराचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझे सासरे पाटण तालुक्यातले. मस्जिद बंदरच्या गोदामांत पाठीवरून गोणी वाहायचे. १९६९ साली माथाडी कायदा झाला, पुढे मंडळं आली, हमालाच्या नावावर हजेरी आणि फंड लागायला लागला. घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानं वाशीला हलला तसं त्यांचं बिऱ्हाडही खाडी ओलांडून इकडे आलं. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं माथाडींसाठी बांधलेल्या बैठ्या घरांपैकी एक त्यांना मिळालं. १९९८ साली मी लग्न होऊन आले तेव्हा दाराशी दोन पायऱ्या होत्या आणि उंबरा गल्लीपासून चौदा इंच वर. संध्याकाळी सासरे वरच्या पायरीवर बसून खालच्या पायरीवर पाय सोडायचे आणि तंबाखू मळत बसायचे. येणारा-जाणारा तिथंच टेकायचा.

खालची पायरी २००७ च्या काँक्रीटखाली गेली. वरची पहिल्या पेव्हर ब्लॉकखाली. दुसऱ्यांदा ब्लॉक बसले तेव्हा उंबरा साडेचार इंचांवर आला. आणि या मार्चमध्ये तुमचं 'अंतर्गत रस्त्यांचे सुशोभीकरण' झालं, ज्याचा फोटो पान तीनवर आहे. जुने ब्लॉक होते तसेच ठेवले, त्यावर बारीक कच पसरली, त्यावर लाल-पिवळे नवे ब्लॉक ठोकले. आज उंबरा दीड इंच आहे. दीड इंच म्हणजे ब्लाऊजला आतून सोडतो ती माया. गिऱ्हाईक सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून ठेवायची असते. माझ्या घराला आता तेवढीच माया उरली आहे.

फोटो चांगला आलाय, त्यात खोट नाही. लाल-पिवळ्या नक्षीवर तुम्ही नारळ फोडताय आणि शेजारी आमच्याच गल्लीतली पोरं हसतायत. पण ताई, मी आल्यापासून या गल्लीची चारदा सुधारणा झाली आणि दर सुधारणेला माझं घर खाली गेलं. आधीचा थर उखडायचा, पातळी लावायची, मग नवा टाकायचा, हे बिगाऱ्याच्या पोरालाही कळतं. उखडायला मजूर जास्त लागतात, डेब्रिज उचलायला डंपर लागतो, चार दिवस धूळ उडते आणि त्यातलं काहीच फोटोत येत नाही.

आमच्या दाराच्या चौकटीवर डाव्या अंगाला मुलीची उंची आहे, उजव्या अंगाला पाण्याची. दोन्ही आधी शिवणाच्या खडूनं मांडल्या आणि मग पुसू नयेत म्हणून तेलरंगानं ओढल्या. २६ जुलै २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. त्या दिवशीची रेघ घरातल्या लादीपासून सात इंचांवर आहे. पुढे बरीच वर्षं चौकट कोरडी. २०१७ ला दोन इंच. २०१९ ला तीन. गेल्या वर्षी जुलैत नऊ. त्या रात्रीचा पाऊस २६ जुलैच्या पासंगालाही पुरला नसता, तरी पाणी दोन इंच जास्त. आभाळाला दोष द्यायचा तर कसा द्यायचा?

गेल्या वर्षी तुम्ही नगरसेविका नव्हतात, हे मान्य. म्हणून त्या रात्रीचा हिशेब तुमच्यावर टाकत नाही. पण काय होतं ते तुम्हाला माहीत असावं, म्हणून सांगते.

आषाढात माझ्याकडे शिवलेल्या नऊवारीच्या ऑर्डरी असतात. श्रावणात मंगळागौरीचे खेळ करणारे बायकांचे ग्रुप एका रंगाच्या नऊवारी शिवून घेतात. ऐरोलीच्या एका ग्रुपच्या चौदा होत्या, जांभळ्या, मोरपंखी काठाच्या. नऊ शिवून झाल्या होत्या. घड्या घालून टेबलाखाली पिशवीत ठेवल्या होत्या. रात्री दीडच्या सुमारास पायाला गार लागलं म्हणून जाग आली. दाराशी मी रेतीची पोती लावून ठेवते, ती कोरडी होती. पाणी दारातून आलंच नव्हतं. ते मोरीतून आलं. मोरीच्या जाळीतून बुडबुडे वर येत होते आणि त्यांच्याबरोबर जे यायचं ते. जाळीवर पाटा पालथा घातला, वर वरवंटा ठेवला, तर पाणी पाट्याच्या कडेनं वर आलं. मशीन जूनपासून सप्टेंबरपर्यंत विटांवरच असते. पिशवी तेवढी खाली राहिली होती.

पावसाचं पाणी असतं तर धुऊन निघालं असतं. हे गटाराचं. तीन-तीनदा धुतल्या, बाहेर ऊन नाही, पंख्याखाली वाळवल्या, डेटॉल झालं, कापूर झाला. इस्त्री फिरवली की वास परत उठायचा. नऊपैकी चार वाया गेल्या. त्या मी पदरमोड करून घेऊन दिल्या. ग्रुपच्या बायका चांगल्या, एका शब्दानं बोलल्या नाहीत. यंदा ऑर्डर मात्र आलेली नाही.

हे पाणी उलटं का येतं ते मला कोपरखैरणे गावातल्या एका आगरी आजींनी समजावलं. आपल्या शहराचा खाडीकडचा भाग भराव घालून उठवलेला. उधाणाच्या भरतीला खाडी आपल्या गटारांच्या तोंडापेक्षा वर चढते. म्हणून सिडकोनं शहर वसवतानाच धारण तलाव ठेवले. भरतीला झडपा मिटायच्या, खाडीला आत येऊ द्यायचं नाही. शहरावर पडलेलं पाणी तोवर तलावात थांबवायचं आणि ओहोटी लागली की सोडून द्यायचं. व्यवस्था हुशारीची आहे, तलाव खोल राहिला तर. वर्षानुवर्षं त्यात गाळ साचला, गाळावर तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवली. तिवरं तोडायला बंदी आहे. उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे, सार्वजनिक हिताचं काम असलं तरी न्यायालयाची परवानगी लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खाडीकाठच्या गावाला तिवरं पाहिजेतच, हेही आजींनीच सांगितलं. पण गटाराचा विषय काढला की प्रत्येक जण तिवरांकडे बोट दाखवतो, त्याला काय म्हणायचं? आमच्या गल्लीतल्या गटारात तिवर उगवलेलं नाही. चेंबरमध्ये नाही. झडपेत अडकलेला प्लास्टिकचा बोळा काढायला कोणत्या कोर्टात जावं लागतं?

आजींचं गणित सोपं होतं. तिथीची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. त्या रात्री द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड.

तुमच्या कार्यालयाकडून आम्हा सगळ्यांना मेसेज आलाय, 'पाणी साचल्यास त्वरित संपर्क साधा.' साचायची वेळ पंचांगात आधीच छापलेली असते, ताई. पंप लावायचा तो त्याच्या आधी. गेल्या वर्षी पंप आला सकाळी साडेसहाला, ओहोटीबरोबर पाणी आपलं आपण उतरून गेल्यावर. त्याचाही फोटो निघाला. तुम्ही तेव्हा इच्छुक होतात. डावीकडून तिसऱ्या तुम्हीच आहात.

आता ती १०० टक्क्यांची ओळ.

२१ मेला आमच्या गल्लीची नालेसफाई झाली. दोन कामगार आले. एकाच्या पायात गमबूट, दुसऱ्याच्या पायात चपला. हातमोजे दोघांकडेही नव्हते. त्यांना मी चहा दिला, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. गल्लीत चेंबर अकरा. उघडले चार. बाकीच्या सातांची झाकणं तुमच्या मार्चमधल्या लाल-पिवळ्या ब्लॉकखाली गेली आहेत. कुठली कुठं आहेत ते कामगारांना माहीत नव्हतं आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मुकादमालाही नव्हतं. मी त्यांना तीन जागा दाखवल्या, तर मुकादम म्हणाला, "बाई, नवीन काम आहे, फोडलं तर आमच्यावर येईल." म्हणजे सुशोभीकरणाला धक्का लागू नये म्हणून सफाई राहिली, आणि आढाव्यात दोन्ही कामं पूर्ण.

उघडलेल्या चार चेंबरमधला गाळ काढून शेजारीच ढीग घातला. ढीग चार दिवस तिथंच. पाचव्या दिवशी वळवाची सर आली आणि ढीग आला तिथं परत गेला. मग मी पडद्याचा जुना रॉड घेतला, आमच्या दारासमोरच्या चेंबरमध्ये टेकवला, चिखलाची खूण पाहिली आणि टेप लावली. चेंबरची खोली अठ्ठावीस इंच, त्यात गाळ एकोणीस. हा उघडलेल्या चारांपैकी एक. सातांचं माप घेता आलं नाही.

माझ्या मुलीनं एप्रिलमध्ये माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. मार्चच्या कामाची मोजमाप पुस्तिका फक्त मागितली होती. ठेकेदाराचं बिल निघण्याआधी इंजिनियरनं जागेवर जाऊन लांबी-रुंदी-जाडी मोजून ज्यात लिहायची असते ती वही. जुना थर काढल्याची नोंद त्यात असली तर पैसे दिलेत, काम झालेलं नाही; नसली तर काढायचं ठरलंच नव्हतं. एका वहीत उत्तर आहे. आलेलं उत्तर असं: 'मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.' संकलित कुणी मागितली होती? वही मागितली होती. माझ्याकडे बारा वर्षांपूर्वी येऊन गेलेली बाई आज परत आली, तर तिचं तेव्हाचं माप मी वही उघडून दाखवते, मुंढा, छाती, बाहीसकट.

दोष सगळा तुमचा नाही, ठेकेदाराचाही नाही. आम्हीसुद्धा बैठ्या घरावर मजला चढवलाय. मुलगी मोठी झाली, दीर-जाऊ आले, जागा पुरेना. गल्लीत आता एकही घर बैठं राहिलेलं नाही. एका कुटुंबासाठी टाकलेल्या पाइपात तीन-तीन कुटुंबांचं पाणी जातं. माझ्या कातरणी पूर्वी मी कचऱ्याच्या डब्यात सुट्या टाकायचे, त्या उडून गटारात जायच्या. आता पिशवीत बांधून घंटागाडीत टाकते. शिकायला वेळ लागला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण गटाराचं तोंड उघडलं की कुणीतरी लगेच म्हणतं, "तुमचीच माणसं घाण करतात." करत होतो. पण पुरली गेलेली झाकणं आम्ही पुरली नाहीत.

बाकीच्या पानांबद्दल थोडक्यात.

हायमास्टबद्दल मनापासून आभार. मुलगी कामावरून रात्री साडेनऊला बसस्टॉपवर उतरते, तिथून घरापर्यंतचा अंधार गेला. याला मी दहापैकी दहा देईन. फक्त त्याच खांबाच्या पुढं वाढदिवसाचा फलक लागला की निम्मा उजेड फलकाच्या पाठीवर पडतो. अनधिकृत फलकांविरुद्ध उच्च न्यायालयानं २०१७ साली निकाल दिला. ती याचिका घेऊन जाणारी संस्था आमच्या साताऱ्याची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो निकाल अजून पोचलेला नाही.

ओपन जिमचं एक यंत्र मोडलं आहे, दुसऱ्यावर गोधड्या वाळतात. असू दे.

पान पाचवर 'मुबलक पाणी'. मोरबे धरण आपल्या महापालिकेच्या मालकीचं, दिवसाला ४५० दशलक्ष लिटर क्षमतेचं. स्वतःचं धरण असलेल्या महापालिका राज्यात बोटांवर मोजण्याइतक्या. मला त्याचा अभिमान आहे, गावाकडून पाहुणे आले की मी सांगते. पण गल्लीच्या शेवटच्या सात घरांना पाणी येतं पहाटे पावणेसहा ते साडेसहा, करंगळीएवढी धार. वीस लिटरचा डबा भरायला अकरा मिनिटं लागली, घड्याळ लावून पाहिलं. पाऊण तासात चार डबे. 'मुबलक' हा शब्द लिहिणाऱ्यानं एकदा शेवटच्या घरात रात्रीचा मुक्काम करावा, चहापाण्याचं मी पाहते. चहाला पाणी असेल.

मार्केटमधलं बायकांचं शौचालय रात्री आठला कुलूप लागतं. भाजीवाल्या साडेदहापर्यंत बसतात. त्या दुपारनंतर पाणी पीत नाहीत. यावर याहून जास्त लिहायची गरज नसावी.

आणि आपल्या प्रभागाच्या तुम्हा चौघा नगरसेवकांबद्दल. २०१५ ला या शहरात १११ प्रभाग होते आणि प्रत्येकाचा एक नगरसेवक. कुणाच्या नावानं ओरडायचं ते पक्कं होतं. मे २०२० मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची साडेपाच वर्षं ओरडायला कुणी नव्हतंच. प्रशासकाच्या दारात टोकन घेऊन बसायचं. या १५ जानेवारीला आम्ही रांगेत उभं राहून चार-चार बटणं दाबली. नगरसेवक १११ च, प्रभाग मात्र २८. आनंद होता, कारण एकाऐवजी चार माणसं मिळाली. आता अनुभव असा: 'अ'कडे गेलं की म्हणतात, गटार 'क' बघतात. 'क' म्हणतात, निधी 'ब'नं टाकलाय. 'ब' म्हणतात, आमचा पक्ष वेगळा, आमचं तिथं कोण ऐकतं. 'ड'चा फोन एक मुलगा उचलतो आणि साहेबांना सांगतो म्हणतो. तुम्ही यातल्या कोणत्या ते मी लिहिलेलं नाही, वाचणाऱ्यांना कळेलच.

एक गोष्ट मात्र मला खरंच कळत नाही. डम्पिंगच्या जागेवर निसर्ग उद्यान उभं करणारं हे शहर. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरं आलेलं. म्हणजे इथं काम होत नाही असं नाही, करणारी माणसं याच महापालिकेत आहेत. मग सात झाकणं का सापडत नाहीत?

मागण्या साध्या आहेत.

पुरलेली सातही झाकणं पहिल्या मोठ्या पावसाआधी शोधून उघडी करा. ब्लॉक फुटले तर फुटू देत. गल्लीतून कुणी तक्रार केली तर मी समजावते. झाकणाभोवती ब्लॉक बसवताना चौकट सोडायला सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा शोधाशोध नको. काढलेला गाळ त्याच दिवशी उचलला जावा. आणि चपलांवर आलेल्या त्या कामगाराला गमबूट आणि हातमोजे मिळावेत, ते ठेकेदारानं द्यायचे असतात.

यापुढं या वसाहतीत कोणत्याही गल्लीत जुना थर उखडल्याशिवाय नवा थर पडू नये. काम सुरू व्हायच्या आधी दोन्ही टोकांच्या घरांचे उंबरे मोजून त्या मालकांच्या सहीनं लिहून ठेवा. काम संपल्यावर परत मोजा. दोन आकडे, दोन सह्या. याला ना निधी लागतो ना टेंडर. आमच्या गल्लीचा वरचा थर दोषदायित्व कालावधीत, म्हणजे कामातली खोट ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं काढून द्यायच्या मुदतीत, ठेकेदाराकडून काढून घेता येतो का, ते तुम्ही इंजिनियरला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर आम्हाला लेखी दाखवा.

मोजमाप पुस्तिका उघडी करा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ चा आहे, अर्ज न करताच अशा गोष्टी लोकांसमोर ठेवाव्यात असं त्यातच लिहिलंय. नगरसेविकेनं मागितली तर ती तुमच्या टेबलावर येईल. आम्हाला झेरॉक्स चालेल.

उधाणाच्या दिवशी भरतीच्या दोन तास आधी पंप जागेवर असावा आणि त्याच्या ऑपरेटरचा नंबर गल्लीच्या तोंडाशी लावलेला असावा. उधाणाच्या तारखा मी काढून देते, सप्टेंबरपर्यंतच्या. पाण्याची आणि शौचालयाची मागणी वर आलीच आहे, परत लिहीत नाही.

शेवटची मागणी तुम्हा चौघांना मिळून. महानगरपालिकेच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे; २००९ ला दुरुस्ती होऊन आली, असं मुलीनं शोधून दाखवलं. नगरसेवकांनी मतदारांना बोलवायचं, कामं त्यांच्यासमोर ठेवायची, त्यांचं ऐकायचं. आमच्या समाजमंदिरात दोनशे माणसं मावतात. हार-तुरे नकोत, माइक नको. तुम्ही चौघे एका बाकावर बसा आणि गटार कोण बघतं ते एकमेकांना विचारा. भरलेल्या तक्रारवह्याही तिथंच घेऊन या, सगळ्या, जुन्यासुद्धा.

यंदा अधिक ज्येष्ठ चालू आहे. १५ जूनला सोमवारी त्याची अमावस्या, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास उधाणाची भरती. त्या दिवशी सकाळी अकराला आमच्या गल्लीत या. पाऊस नसला तरी चेंबरमधलं पाणी किती वर चढतं ते दिसेल. इंजिनियरला बरोबर आणा, त्यांना मोजमाप पुस्तिका आणायला सांगा. टेप माझ्याकडे आहे. चौकटीवर उजव्या बाजूला अजून जागा आहे, पण ती भरायची माझी इच्छा नाही.

आपली,
कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतली लेडीज टेलर
(नाव तुम्हाला माहीत आहे. तुमच्या वहीत तीनदा लिहिलंय, सापडली तर.)

ता. क. पान सहावर 'कोपऱ्यावरच्या गल्लीचा कायापालट' म्हणून जो फोटो छापलाय, तो आमच्या गल्लीचा नाही. त्यात दारासमोर नारळाची दोन झाडं आहेत. आमच्याकडे एकही नाही. पुढच्या आढाव्यात दुरुस्ती करावी. आणि सासूबाईंचे दोन ब्लाऊज तयार आहेत, कुणालातरी पाठवा.